डीएसएलआर कॅमेऱ्याची निवड

डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स (लघुरूप: डीएसएलआर) हा भिंग बदलता येणारा आणि आरशाच्या साहाय्याने त्याच भिंगातून दिसणारे दृश्य छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचवणारा डिजिटल कॅमेरा होय. मराठीत त्यास एकभिंगी परावर्तक कॅमेरा म्हणता येईल; मात्र दुकानांत आणि बोलण्यात ‘डीएसएलआर’ हाच शब्द रूढ आहे. मर्यादित पैशांत असा पहिला कॅमेरा घेताना बॉडी, भिंग, त्या दोहोंची जुळणी आणि खरेदीनंतरची निगा यांचा एकत्रित विचार करावा लागतो. बहुतेक नवखे ग्राहक उपलब्ध रकमेचा मोठा भाग बॉडीवर खर्च करतात. प्रत्यक्षात चित्राच्या दर्जावर भिंगाचा परिणाम सहसा अधिक होतो आणि भिंग बॉडीपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते, परंतु ते कोरड्या जागी ठेवले असेल तरच. कोकण किनारपट्टीवर ही अट सहज पूर्ण होत नाही. त्यामुळे पुढील विवेचनात उदाहरणे प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातील घेतली आहेत.

रचना

भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडून वर परावर्तित होतो आणि पंचकोनी लोलकातून दृश्यदर्शकात (व्ह्यूफाइंडर) सुलट दिसतो. बटण दाबल्यावर आरसा वर उचलला जातो, शटर उघडते व प्रकाश संवेदकावर (सेन्सर) पडतो. स्वस्त बॉडींमध्ये काचेच्या भरीव लोलकाऐवजी आरशांची पोकळ जुळणी असते. तिने वजन व किंमत कमी होते, पण दृश्य थोडे अंधुक आणि लहान दिसते.

प्राथमिक श्रेणीतील बहुतेक डीएसएलआरमध्ये एपीएस-सी आकाराचा संवेदक असतो. निकॉनमध्ये तो सुमारे २३.५ × १५.६ मिमी, तर कॅननमध्ये सुमारे २२.३ × १४.९ मिमी असतो. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी होती. या फरकामुळे तेच भिंग एपीएस-सी बॉडीवर लावल्यास दृश्याचा कोन अरुंद होतो, निकॉनवर १.५ पट आणि कॅननवर १.६ पट अधिक नाभीय अंतराच्या भिंगाने जेवढे दृश्य फिल्मवर येई, तेवढेच येथे येते. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची भिंगे घरात असलेल्यांना हा गुणक विशेष उपयोगी पडतो.

इतिहास

व्यावसायिकरीत्या विकला गेलेला पहिला डीएसएलआर कोडॅक कंपनीने १९९१ मध्ये आणला. निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीवर बेतलेल्या या उपकरणाची क्षमता १३ लाख पिक्सेल होती आणि चित्रे साठवण्यासाठीचा वेगळा संच खांद्याला अडकवावा लागे. निकॉन डी१ हा कॅमेरा १९९९ मध्ये आला. हौशी छायाचित्रकारांच्या दृष्टीने खरा बदल २००३ मध्ये झाला: कॅनन ईओएस ३००डी हा १,००० अमेरिकी डॉलरपेक्षा कमी किमतीचा डीएसएलआर बाजारात आला आणि पुढील वर्षी निकॉन डी७० ने त्याला स्पर्धा दिली. २००८ मध्ये निकॉन डी९० ने डीएसएलआरवर चलच्चित्रण शक्य केले.

२०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनी पूर्ण चौकटीच्या आरसाविरहित (मिररलेस) कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे झेड व आरएफ या नव्या भिंगजोडण्या आणल्या. त्यानंतर त्यांचे डीएसएलआरवरील काम जवळपास थांबले. नवे प्रारूप येण्याची शक्यता मावळल्यामुळे तंत्रज्ञानाच्या आघाडीवर राहू इच्छिणाऱ्याने आज डीएसएलआर घेऊ नये. मात्र याच कारणाने अनेक जुने मालक मिररलेसकडे वळले असून चांगल्या स्थितीतील डीएसएलआर आणि त्यांची भिंगे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर आली आहेत. कमी पैशांत शिकू पाहणाऱ्यासाठी ही परिस्थिती लाभाची आहे.

बॉडी

जाहिरातींत मेगापिक्सेलचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. निवडीत त्याचे महत्त्व सर्वांत कमी असावे. २४ मेगापिक्सेलचे चित्र साधारणतः ६००० × ४००० पिक्सेलचे असते व दर इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या प्रमाणाने २० × १३ इंचांपर्यंत छापता येते. १२ मेगापिक्सेलचे चित्रही याच प्रमाणाने सुमारे १४ × ९ इंच, म्हणजे दिवाळी अंकाच्या पूर्ण पानाहून मोठे होते. मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या चित्रासाठी तर दोन्ही आकडे गरजेपेक्षा जास्त आहेत.

हातात घेतल्यावर जाणवणारे फरक वेगळे असतात. निकॉनची डी३००० मालिका (डी३४००, डी३५००) आणि कॅननची १३००डी, १५००डी यांसारखी प्रारूपे हलकी असून त्यांत छिद्र व शटरवेग बदलण्यासाठी एकच चाकी असते. छायाचित्रकार स्वतः मापने ठरवू लागला की प्रत्येक वेळी एक बटण दाबून धरत चाकी फिरवणे त्रासाचे ठरते. मधल्या श्रेणीतील बॉडींमध्ये दोन चाक्या, काचेचा लोलक, अधिक फोकसबिंदू आणि धूळ-ओलाव्यापासून काही प्रमाणात संरक्षण असते. २०१० मधील निकॉन डी७००० हे याचे ठळक उदाहरण. त्याचा संवेदक १६ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे कागदावर तो नंतरच्या स्वस्त डी३४०० पेक्षा मागे पडतो. पण वापरलेल्या बाजारात दोन्ही जवळपासच्या किमतीत मिळत असतील तर बहुतांश कामांसाठी डी७००० अधिक सोयीचा ठरतो. वजनाला जपणाऱ्या, सतत प्रवास करणाऱ्या माणसाचे उत्तर मात्र उलट असू शकते.

भिंग

भिंगावर दोन प्रकारचे आकडे छापलेले असतात. नाभीय अंतर (मिमीमध्ये) दृश्य किती व्यापक येईल ते सांगते, कमाल छिद्राचा आकडा (उदा. एफ/१.८) भिंग किती प्रकाश आत घेऊ शकते ते सांगतो. छिद्राचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक.

कॅमेऱ्यासोबत येणारे १८–५५ मिमी, एफ/३.५–५.६ हे ‘किट लेन्स’ नावाने ओळखले जाणारे भिंग बरेचदा टीकेचा विषय होते. ही टीका अन्यायकारक आहे. दिवसाउजेडी, एफ/८ च्या आसपास, हे भिंग पुरेसे रेखीव चित्र देते आणि कोणते नाभीय अंतर आपल्याला वारंवार लागते हे नवख्याला तेच शिकवते. त्याची मर्यादा उजेड कमी झाल्यावर दिसते. ५५ मिमीवर त्याचे कमाल छिद्र एफ/५.६ असते. एफ/१.८ चे भिंग त्यापेक्षा सुमारे साडेनऊ पट अधिक प्रकाश घेते. म्हणजे ज्या दृश्याला किट लेन्सने १/१५ सेकंद लागतो, ते या भिंगाने सुमारे १/१५० सेकंदात टिपता येते. पहिल्या वेगाला नाचणारा माणूस पुसट होतो, दुसऱ्या वेगाला तो बहुतेक वेळा स्पष्ट येतो.

किट लेन्समध्ये असणारी कंपनरोधक व्यवस्था या ठिकाणी उपयोगी पडत नाही, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. ती छायाचित्रकाराच्या हाताचे कंपन कमी करते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. देवळाच्या लाकडी खांबावरील कोरीवकामासाठी ती उत्तम, पालखी नाचवणाऱ्यांसाठी निरुपयोगी.

म्हणूनच कमी खर्चात घ्यावयाचे दुसरे भिंग म्हणजे एफ/१.८ चे स्थिर नाभीय अंतराचे भिंग, असा सल्ला सर्रास दिला जातो. कॅननचे ५० मिमी एफ/१.८ (१९९० ची दुसरी आवृत्ती व २०१५ ची एसटीएम आवृत्ती) आणि निकॉनचे ३५ मिमी एफ/१.८ (२००९) ही या वर्गातील परिचित भिंगे आहेत. या दोहोंतील निवड खोलीच्या मापावर ठरवावी. निकॉनच्या एपीएस-सी बॉडीवर ३ मीटर अंतरावरून ५० मिमी भिंगात आडवे सुमारे १.४ मीटर रुंदीचे दृश्य मावते, ३५ मिमीमध्ये सुमारे २ मीटर, तर १८ मिमीमध्ये ३.९ मीटर. ओटीवर किंवा माजघरात ५० मिमी भिंगाने दोन माणसे जेमतेम बसतात. बारशाचा किंवा गौरीगणपतीचा घरगुती समूह टिपायचा तर ३५ मिमी बरे. अंगणात, मोकळ्यावर काढलेल्या व्यक्तिचित्रासाठी ५० मिमीची पार्श्वभूमी अधिक मऊ येते.

१८–२०० मिमीसारखी ‘सर्वसमावेशक’ भिंगे प्रवासात सोयीची असली तरी जड व महाग असतात, आणि कमी उजेडातील उणीव ती भरून काढत नाहीत. त्याच पैशांत किट लेन्स, एक एफ/१.८ भिंग आणि ५५–२०० किंवा ५५–२५० मिमीचे वापरलेले दूरचित्रक भिंग बसण्याची शक्यता असते.

भिंगजोडणी व सुसंगतता

एकदा एका कंपनीची भिंगे घेतली की बॉडीही त्याच जोडणीची घ्यावी लागते, त्यामुळे हा निर्णय दिसतो त्यापेक्षा दीर्घकाळ बांधून ठेवणारा असतो. निकॉनची एफ जोडणी १९५९ पासून, तर कॅननची ईएफ जोडणी १९८७ पासून वापरात आहे. कॅननची ईएफ-एस भिंगे केवळ एपीएस-सी बॉडींसाठी असून पूर्ण चौकटीच्या कॅनन डीएसएलआरवर बसत नाहीत.

निकॉनच्या बाबतीत एक जुना खड्डा आहे. डी४०, डी६० तसेच डी३००० व डी५००० मालिकांतील बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ अशी खूण असलेले स्वस्त जुने भिंग त्यांवर बसते, चित्रही काढते, पण फोकस हाताने करावा लागतो. त्यांच्यासाठी ‘एएफ-एस’ भिंग घ्यावे. ‘एएफ-पी’ ही नंतरची भिंगे उलट काही जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. घेण्यापूर्वी कंपनीची सुसंगतता-यादी पाहणे आवश्यक असते. ५० मिमी एफ/१.८डी हे भिंग स्वस्तात मिळाले म्हणून डी३५०० सोबत घेणे ही यातील नेहमीची चूक आहे.

ईएफ आणि एफ जोडणीची भिंगे त्या त्या कंपनीच्या अनुयोजकाने (अडॅप्टर) मिररलेस बॉडीवर लावता येतात. निकॉनच्या एफटीझेड अनुयोजकात मोटर नसल्यामुळे एएफ-डी भिंगांचा स्वयंफोकस तेथेही चालत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील चित्रविषय

कोणते भिंग घ्यावे हे अखेर काय टिपायचे आहे त्यावरून ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात हे विषय एकमेकांपासून बरेच भिन्न आहेत.

सड्यांवरील कातळशिल्पे हा त्यांतील सर्वांत अवघड विषय. २०२२ मध्ये ‘कोकणातील कातळशिल्पे’ युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमळ या स्थळांचा अंतर्भाव आहे. जांभ्या दगडात उथळ कोरलेल्या या आकृती दुपारच्या उन्हात जवळजवळ दिसेनाशा होतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना, सकाळी वा संध्याकाळी, तिरप्या उजेडात खोबणींत सावली पडते आणि रेषा उमटून येतात. येथे महागड्या बॉडीपेक्षा पहाटे सड्यावर पोहोचणे अधिक फलदायी असते. मोठ्या आकृतींची अडचण भूमितीची आहे. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे. १८ मिमी भिंगाने ती एका चौकटीत सरळ वरून घ्यायची तर कॅमेरा सुमारे १४ मीटर उंचीवर असावा लागेल. कॅननच्या १०–१८ मिमी या तुलनेने स्वस्त अतिविशाल भिंगानेही ही उंची ८ मीटरच्या खाली येत नाही. अशा वेळी शिडीवरून किंवा लांब काठीला कॅमेरा लावून तुकड्यातुकड्यांनी चित्रे घेऊन ती संगणकावर जोडणे, अथवा नियमांचे पालन करून ड्रोन वापरणे हेच मार्ग उरतात. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खोबणींत खडू, रांगोळी किंवा रंग भरण्याचा मोह टाळावयास हवा. त्याने शिल्पाची हानी होते आणि नोंद म्हणून चित्राचे मूल्यही घटते.

शिमग्यातील पालख्या आणि रात्री रंगणारे नमन-खेळे हे एफ/१.८ भिंगाचे क्षेत्र आहे. ३५ मिमी भिंग, आयएसओ १६०० ते ३२०० आणि १/१२५ सेकंदाच्या आसपासचा वेग हे प्रारंभबिंदू म्हणून ठीक ठरतात. फ्लॅश वापरल्यास दिव्यांचा पिवळसर उजेड नाहीसा होतो व खेळ करणाऱ्यांनाही त्याचा उपद्रव होतो.

मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले सकाळी व संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. तेथे फ्लॅश वापरू नये, कारण कृत्रिम प्रकाशाने पिल्लांची दिशाभूल होते. गर्दीमुळे दोरीबाहेरून चित्र घ्यावे लागत असल्याने ५५–२५० मिमी भिंग आणि वाळूला जवळजवळ टेकवलेला कॅमेरा ही जोडी उपयोगी पडते. मिरकरवाडा बंदरावरील घारी व कुरव पक्ष्यांसाठीही हेच भिंग पुरते. दूरवरचा समुद्री गरुड त्यात ठिपक्याएवढाच येतो आणि त्यासाठी लागणारी भिंगे पहिल्या खरेदीच्या आवाक्याबाहेरची असतात.

दमट हवा, बुरशी आणि खारा वारा

रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. या महिन्यांत हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतांश वेळ ८० टक्क्यांहून अधिक असते. भिंगावरील बुरशी सुमारे ६५ ते ७० टक्क्यांपुढे वाढू लागते. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असल्याने त्यांचा शिरकाव रोखता येत नाही. वाढ रोखता येते. काळोख, न हलणारी हवा आणि ओलावा या तीन गोष्टी बुरशीला मानवतात आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत त्या तिन्ही एकत्र मिळतात. बॅगेतील स्पंज व कापड ओलावा धरून ठेवते. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवणे ही त्यामुळे काळजी नसून नेमकी उलट कृती होय.

सुरुवातीला काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. या अवस्थेत भिंग उघडून साफ करता येते. पुढे बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात. मग साफ केल्यावरही डाग राहतो आणि उजेडासमोर घेतलेल्या चित्रांवर धूसर पडदा येतो. स्वस्त भिंगाच्या बाबतीत साफसफाईची मजुरी भिंगाच्या वापरलेल्या किमतीच्या जवळ जाते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणे इष्ट. ३० टक्क्यांहून खाली गेल्यास भिंगातील वंगण सुकण्याचा धोका सांगितला जातो. सिलिका जेलचे रंगीत दाणे ओलावा शोषल्यावर रंग बदलतात आणि तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असल्याने ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. सिलिकाऐवजी तांदूळ वापरण्याचा घरगुती उपाय कुचकामी आहे: तांदूळ ओलावा फारसा शोषत नाहीत आणि त्यांची भुकटी कॅमेऱ्यात जाते. दोन-तीन भिंगे झाल्यावर विजेवर चालणारे कोरडे कपाट परवडू लागते. कोणत्याही उपायाबरोबर आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणे हे बुरशीविरुद्ध उपयोगी असते, आणि ते फुकट आहे.

कोकणात राहणाऱ्याने एकूण अंदाजपत्रकातील सुमारे दहावा हिस्सा या साठवणुकीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. उरलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक बॉडीवर जाऊ नये. मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि साधी तिपाई यांचा खर्च अनेकजण मोजायलाच विसरतात.

मांडवीचा काळा समुद्र, भाट्ये किंवा गणपतीपुळे येथील किनाऱ्यावरून परतल्यावर बॉडी व भिंगाचे बाह्य आवरण गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. खाऱ्या तुषारांनी धातूच्या जोडांवर गंज चढतो. वाळू उडत असताना भिंग बदलणे टाळावे. वातानुकूलित गाडीतून एकदम बाहेर आल्यास थंड काचेवर बाष्प जमते. अशा वेळी कॅमेरा काही काळ बंद बॅगेतच ठेवून त्याचे तापमान बाहेरच्या हवेइतके होऊ द्यावे, भिंग पुसत बसू नये.

वापरलेला कॅमेरा घेताना

वापरलेल्या बॉडीची झीज शटरच्या उघडझापीच्या संख्येवरून अजमावतात. निकॉन डी३५०० सारख्या बॉडीचे शटर १ लाख उघडझापींसाठी, तर डी७००० चे दीड लाखासाठी तपासलेले असते. हा आकडा मर्यादा नव्हे, अंदाज होय. निकॉनमध्ये ही संख्या चित्राच्या फाइलमध्येच नोंदलेली असते. कॅननच्या बऱ्याच प्रारूपांत ती पाहण्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळी आज्ञावली वापरावी लागते. लग्नसमारंभाचे काम करणारा छायाचित्रकार एका दिवसात हजारांहून अधिक चित्रे घेतो, त्यामुळे दोन वर्षे वापरलेली अशी बॉडी घरात आठ वर्षे पडून राहिलेल्या बॉडीपेक्षा अधिक झिजलेली असू शकते. भिंगाचे मात्र याच्या उलट आहे. रोज वापरलेले, कडा घासलेले भिंग आतून बहुधा स्वच्छ असते. खोक्यासकट जपून ठेवलेल्या, चकचकीत भिंगात बुरशी सापडण्याची शक्यता अधिक.

भिंग बॉडीवरून काढून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, मागच्या बाजूने मोबाइलचा दिवा लावून समोरून तिरपे पाहिल्यास धागे व डाग स्पष्ट दिसतात. धुळीचे थोडे कण निरुपद्रवी असतात. छिद्राच्या पात्यांवर तेलाचा तवंग नसावा. संवेदक तपासण्यासाठी एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र घेतात. पुसल्यावर न जाणारा डाग किंवा ओरखडा दिसल्यास व्यवहार थांबवावा. सपाट, छापील मजकुराचे चित्र पूर्ण उघड्या छिद्रावर घेतले असता एक बाजू धूसर आणि दुसरी रेखीव आली, तर भिंग पडलेले असण्याची शक्यता असते.

नव्या कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. बिलाशिवाय, परदेशातून परस्पर आणलेला माल याहून स्वस्त मिळतो, पण त्यावर कंपनीची भारतातील हमी सहसा लागू होत नाही. रत्नागिरीहून मुंबई सुमारे ३४० आणि कोल्हापूर सुमारे १३० किमी अंतरावर आहे; बिघडलेला कॅमेरा मोठ्या शहरात पाठवावा लागण्याची शक्यता गृहीत धरून जवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र कोठे आहे हे खरेदीपूर्वीच पाहिलेले बरे. मूळ बिल आणि बॉडीवरील अनुक्रमांक एकच आहेत याची खात्री करावी. ते जुळत नसल्यास वस्तू चोरीची असण्याचा संभव असतो.